डावखुरे मूल, त्याचा मेंदू आणि त्याची झोप

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात पाट्या निघतात, तेव्हा एखादे मूल पेन्सिल डाव्या हातात धरते. शेजारचे मूल लगेच तक्रार करते आणि पुष्कळदा गुरुजीही पेन्सिल काढून त्याच्या उजव्या हातात देतात. हेतू चांगलाच असतो. परंतु हाताची निवड हात करीत नाही, मेंदू करतो; म्हणून या साध्या कृतीचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

शंभर माणसांत सुमारे दहा डावखुरी असतात; म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन. हा हट्ट नव्हे, की घरच्या लाडाचा परिणामही नव्हे. गर्भातील बाळ कोणता अंगठा चोखते हे सोनोग्राफीने पाहून, तीच मुले मोठी झाल्यावर पीटर हेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुले उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी निघाली. शाळेत नाव घालण्याच्या कितीतरी आधी हा कल बहुतांशी ठरलेला असतो.

मेंदूचे दोन अर्धगोल आहेत. हालचालींचे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. त्यामुळे उजव्या हातावर डाव्या अर्धगोलाचा ताबा असतो व डाव्यावर उजव्याचा. बोलण्याचे केंद्र डाव्या अर्धगोलात असल्याचे फ्रान्समधील ब्रोका या वैद्याने १८६१ ते १८६५ या काळात दाखविले. यावरून डावखुऱ्यांचे ते उजवीकडे असावे असा तर्क पुष्कळ जण करतात. तो चुकीचा आहे. दहांपैकी सुमारे सात डावखुऱ्यांचेही वाणीकेंद्र डावीकडेच असते. सर्व कामांना एकच हात लागतो असेही नाही. सचिन तेंडुलकर यांनी फलंदाजी उजव्या हाताने केली, परंतु ते लिहितात डाव्या हाताने.

झोपेचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. २००२ साली अमेरिकेत वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजव्या हाताच्या माणसांना डाव्या हाताच्या बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबावयास शिकविले. रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तितकेच तास जागे राहून तसा लाभ झाला नाही. २००६ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात डावा हात दिवसभर बांधून ठेवला, तेव्हा त्या रात्री मेंदूच्या उजव्या बाजूस, नेमक्या त्या हाताच्या जागी, गाढ झोपेच्या लहरी मंद झाल्या. दिवसा हाताने जे केले वा जे करू दिले नाही, त्याचा ठसा झोपेत मेंदूवर दिसतो, तो असा.

मग हात बदलता येत नाही काय? येतो. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना उजवा हात थकल्यावर २७५ पैकी ४० पृष्ठे डाव्या हाताने लिहिली. पण ती प्रौढ माणसाची स्वेच्छा होती. बालपणी सक्तीने उजव्या हाताने लिहावयास लावलेल्या डावखुऱ्यांची जर्मनीत तपासणी झाली (२००२). ती माणसे प्रौढपणी उजव्या हाताने लिहीत असतानाही त्यांच्या मेंदूची उजवी बाजू काम करीत होती. हात वळला, मेंदू पुरता वळला नाही. आणि हातावर छडी मारून तो वळविणे तर २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार निषिद्धच आहे.

वर्गात करावयाचे फार थोडे आहे. असे मूल बसकराच्या वा बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. डावा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरावरून फिरतो आणि पाटीवरचे अक्षर पुसले जाते. यास गबाळेपणा समजू नये. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू द्यावी, वही किंचित डावीकडे ठेवून तिचा वरचा भाग उजवीकडे कलता करावा. शिरोरेखा उजवीकडून डावीकडे ओढली तरी चालेल. जेवणाचा हात मात्र घरच्यांवर सोडावा. तो वाद शाळेत आणण्याचे कारण नाही.

जत्रेच्या किंवा लग्नाच्या जागरणानंतर मूल पेंगत असेल, तर त्या दिवशी नवे अक्षर गिरवावयास देऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप लागते, हे पालकसभेत जरूर सांगावे. आणि संध्याकाळी न जमलेला ‘क्ष’ दहा वेळा गिरवून घेण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच हाताने, पुन्हा एकदा काढावयास सांगून पाहावे.