टँजियर : सामुद्रधुनीच्या तोंडावरचे शहर

(टँजियर हे आफ्रिका खंडातील मोरोक्को देशाचे एक प्राचीन बंदर आहे. अनेक सत्तांनी या शहरावर हक्क सांगितला. शेवटी हे शहर आपल्या देशात कसे परत आले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

जगाचा नकाशा उघडा. आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकाकडे पाहा. तेथे आफ्रिका आणि युरोप हे दोन खंड एकमेकांच्या अगदी जवळ आले आहेत. त्यांच्यामध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी सुमारे 14 किलोमीटर आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, तर दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र. या सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडावर टँजियर वसले आहे. अरबी भाषेत त्याला 'तंजा' म्हणतात. हवा स्वच्छ असली, की येथून स्पेनचा किनारा दिसतो.

ज्याच्या हाती टँजियर, त्याची जहाजांच्या वाटेवर नजर. म्हणूनच या शहराचा मोह अनेकांना पडला. प्राचीन काळी फिनिशियन व्यापारी येथे आले. नंतर रोमन लोकांचे राज्य आले. ते या शहराला 'टिंगिस' म्हणत. पुढे अरब आले आणि येथे इस्लामचा प्रसार झाला. इ. स. 711 मध्ये टँजियरचा सुभेदार तारिक बिन झियाद सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरला. तो ज्या डोंगरापाशी उतरला, त्याला 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, असे नाव पडले. त्याचेच पुढे 'जिब्राल्टर' झाले.

टँजियरचा सर्वांत प्रसिद्ध सुपुत्र म्हणजे इब्न बतूता. त्याचा जन्म 1304 साली झाला. 1325 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो आईवडिलांचा निरोप घेऊन हजला निघाला. पण मक्केला पोहोचल्यावरही त्याचे पाऊल थांबले नाही. अनेक देश पाहत तो भारतात आला. दिल्लीचा सुलतान मुहंमद तुघलक याने त्याला काजी नेमले. पुढे सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाताना तो दौलताबादेला आला. खडकावर उभ्या असलेल्या तेथील किल्ल्याचे आणि मराठ्यांचे वर्णन त्याने केले आहे. 1349 साली तो मोरोक्कोत परतला. तेव्हा त्याला कळले, की आपली आई प्लेगच्या साथीत थोड्याच दिवसांपूर्वी वारली. सारे जग पाहून आलेल्या मुलाची आणि आईची भेट झाली नाही. पुढे मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली व एका विद्वानाने ती लिहून घेतली. हे प्रवासवर्णन 1355 साली पूर्ण झाले. आज टँजियरच्या विमानतळाला इब्न बतूताचे नाव दिलेले आहे.

1471 साली पोर्तुगिजांनी टँजियर घेतले. त्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. 1661 साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाचा करार झाला. त्या करारात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला दोन ठिकाणे आंदण दिली. एक टँजियर आणि दुसरे आपले मुंबई बेट! ही दोन्ही ठिकाणे एकाच कागदावरील सहीने दुसऱ्याची झाली. तेथे राहणाऱ्या माणसांना मात्र कोणी विचारले नाही.

इंग्रजांना टँजियर मुंबईपेक्षा अधिक मोलाचे वाटत होते. 1668 साली राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. टँजियरवर मात्र अफाट खर्च केला. लाटा अडवण्यासाठी समुद्रात मोठा दगडी धक्का बांधायला घेतला. पण मोरोक्कोच्या लोकांनी शहराला वेढा घातला. इंग्रजांना खर्च पेलेना. 1684 साली ते निघून गेले. जाताना त्यांनी तो धक्का आणि तटबंदी सुरुंगाने उडवून दिली. मोरोक्कोचा सुलतान मौलाय इस्माईल याला जवळजवळ उद्ध्वस्त झालेले शहर मिळाले. त्याच्या काळात ते पुन्हा उभे राहिले.

विसाव्या शतकात शहरावर पुन्हा संकट आले. 1912 साली मोरोक्कोवर फ्रान्स आणि स्पेन यांनी आपला अंमल बसवला. टँजियर कोणी घ्यायचे, यावर मात्र युरोपातील देशांचे एकमत होईना. म्हणून 1923 साली करार करून त्यांनी हे शहर अनेक देशांच्या देखरेखीखाली ठेवले. फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन यांची टपालघरे येथे वेगवेगळी होती. बाजारात फ्रँकही चालत आणि पेसेटाही. बँका वाढल्या, धनिक आले, लेखक आणि चित्रकार आले. पण आपल्याच गावात खरा कारभार दुसऱ्यांच्या हाती, ही गोष्ट मोरोक्कोच्या लोकांच्या मनाला सलत होती.

9 एप्रिल 1947 रोजी सुलतान पाचवे मुहंमद टँजियरला आले. तेथे भाषण करून त्यांनी मोरोक्कोच्या एकतेचा आणि हक्कांचा उघड उच्चार केला. स्वातंत्र्याच्या लढ्याला त्यामुळे मोठे बळ मिळाले. 1956 साली मोरोक्को स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी टँजियर मायदेशात परतले. जुन्या शहराच्या वेशीबाहेरील मोठ्या चौकाला आज '9 एप्रिल 1947' हेच नाव आहे.

आजचे टँजियर गजबजलेले आहे. लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. उंचावर जुना किल्ला, खाली अरुंद गल्ल्या आणि पांढरी घरे दिसतात. डोंगराळ भागातील स्त्रिया गोंड्यांच्या मोठ्या टोप्या घालून बाजारात भाजी आणि चीज विकतात. पुदिन्याचा गोड चहा पिण्यासाठी लोक समुद्राकाठी बसतात. एकच माणूस अरबी, स्पॅनिश आणि फ्रेंच बोलताना आढळतो. शहराच्या पूर्वेला 2007 साली एक प्रचंड नवे बंदर सुरू झाले. 2018 पासून टँजियर ते कॅसाब्लांका अशी अतिवेगवान रेल्वे धावते.

टँजियरमध्ये अनेक राज्यकर्ते आले आणि गेले. त्यांचे किल्ले, शब्द आणि चवी मागे राहिल्या. पण करारांवर सह्या करणाऱ्यांचे हे शहर कधीच झाले नाही. ते तेथे राहणाऱ्या माणसांचेच राहिले.

शब्दार्थ
सामुद्रधुनी – दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी, आबनाए
वकील – (येथे अर्थ) राजाचा दूत, सफीर
आंदण – लग्नात मुलीबरोबर दिलेली संपत्ती, जहेज
तटबंदी – शहराभोवतीची भिंत, फसील
सलणे – मनाला टोचणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'जिब्राल्टर' हे नाव कसे तयार झाले?
(आ) इब्न बतूता महाराष्ट्रातील कोणत्या ठिकाणी आला होता?
2. कारणे लिहा.
(अ) अनेक सत्तांना टँजियरचा मोह पडला.
(आ) इंग्रज टँजियर सोडून गेले.
3. पाच-सहा वाक्यांत लिहा : 1661 च्या करारानंतर टँजियर आणि मुंबई यांचे काय झाले?
4. उपक्रम : नकाशात टँजियर, मक्का, दिल्ली आणि दौलताबाद ही ठिकाणे दाखवा.