इंजिनाची गळती आणि मिस्त्रीची पावती

घागर गळू लागली, तर आपण ती बदलतो. छप्पर गळू लागले, तर लगेच वर चढतो. पण दुरुस्त करून आणलेले इंजिन गळू लागले, तर? मग आपल्याला दोनच वाटा सुचतात. एक, नशिबाला बोल लावून गप्प बसायचे. दुसरी, मिस्त्रीशी भांडायचे. भाऊबहिणींनो, तिसरीही एक वाट आहे. ती आम्हाला कशी सापडली, ते या पाठात सांगतो.

पावती घेतली

आम्ही तिघे भाऊ. तिघांत मिळून एक ट्रॅक्टर. सोळा वर्षांचा. यंदा तो निळा धूर सोडू लागला. तेल खाऊ लागला. नांगर लावला की दमू लागला. गुढीपाडवा झाल्यावर आम्ही तो तालुक्याच्या गावी गॅरेजात नेला. मिस्त्रीने इंजिन खोलले. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, सारे झिजले होते. सगळे नवे घालायचे ठरले. खर्च चौसष्ट हजार रुपये.

आमचे थोरले बंधू अण्णा म्हणाले, "मिस्त्री, काय काय घालणार ते कागदावर लिहून द्या."

मिस्त्री म्हणाला, "का अण्णा, विश्वास नाही का?"

अण्णा म्हणाले, "विश्वास आहे म्हणून तर तुमच्याकडे आलो. पण ट्रॅक्टर तिघांचा. मला दोघांना हिशेब द्यावा लागतो."

मिस्त्रीने पावती लिहिली. नवे भाग कोणते, त्यांची किंमत किती, मजुरी किती, सारे वेगवेगळे लिहिले. 'कामाची हमी सहा महिने' असेही लिहिले. पन्नास हजार आम्ही ट्रॅक्टर नेताना दिले. उरलेले चौदा हजार, ट्रॅक्टर पंधरा दिवस नीट चालल्यावर द्यायचे ठरले. तेही पावतीवर आले. खाली सही आणि तारीख.

वहिनींनी डाग पाहिला

५ मे रोजी ट्रॅक्टर घरी आला. आवाज गोड, धूर नाही. आम्ही खूश होतो. ८ मेच्या सकाळी वहिनी अंगण झाडत होत्या. त्या म्हणाल्या, "काल इथे रुपयाएवढा डाग होता. आज भाकरीएवढा झालाय."

आम्ही पाहिले. ट्रॅक्टरखाली काळे तेल.

मधला म्हणाला, "नवे काम आहे, बसेल हळूहळू." धाकटा म्हणाला, "चला आत्ता गॅरेजात, त्याची गचांडीच धरतो!"

अण्णांनी तेल मोजायची काडी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. तीन दिवसांत तेल खालच्या खुणेपाशी आले होते. मृगाला एक महिना उरला होता. तेल संपून बेअरिंग धरले असते, तर चौसष्ट हजार पाण्यात गेले असते आणि पेरणीही बुडाली असती.

अण्णा म्हणाले, "आधी गळते कुठून ते पाहू. मग बोलू."

गळती कशी शोधावी?

तेल वरून खाली ओघळते. वाऱ्याने मागे उडते. म्हणून थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असते असे नाही. ओल जिथे सर्वांत वर दिसते, तिथे पाहावे.

आम्ही थंड इंजिन चिंधीने कोरडे पुसले. सांध्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. मग इंजिन सुरू करून पाव तास उभे ठेवले. चालत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर ठेवले. जिथून तेल येते, तिथली पावडर काळी होते.

गळणारे काय आहे, हेही ओळखावे. काळे, जाड ते इंजिनाचे तेल. पातळ आणि वासाचे ते डिझेल. रेडिएटरचे पाणी वेगळे कळते. काडीवरचे तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर तेलात पाणी शिरले आहे. मग इंजिन क्षणभरही चालवू नये.

आम्हाला दोन ठिकाणी गळती सापडली. एक, इंजिन आणि क्लच जोडतात त्या सांध्याखाली. दुसरी, तेल काढायच्या नटापाशी. धाकट्याने मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढले. वहिनींनी रात्री खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी डागांसकट तो जपून ठेवला. ट्रॅक्टर उभाच ठेवला. स्वतः काहीही खोलले नाही. आपण खोलले, तर मिस्त्री म्हणेल, "तुम्हीच बिघडवले." मग आपल्याला बोलायला तोंड राहत नाही.

गॅरेजात काय बोललो?

१० मे रोजी तेल भरून, सावकाश चालवत, ट्रॅक्टर गॅरेजात नेला. वाटेत दोनदा थांबून काडी पाहिली. धाकट्याला अण्णांनी बजावले होते, "आवाज चढवायचा नाही. काय झाले, केव्हापासून झाले आणि आपल्याला काय हवे, एवढेच बोलायचे."

मिस्त्री म्हणाला, "नवे काम आहे. आठ दिवसांत बसेल."

अण्णा म्हणाले, "रिंगा बसायला वेळ लागतो, मान्य. काही इंजिनांचे हेडचे नटही थोडे तास चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात. पण सीलमधून गळणारे तेल आपोआप थांबेल का?"

मिस्त्री गप्प झाला. मग म्हणाला, "मागचे सील बदलायचे तर गिअरबॉक्स वेगळा करावा लागतो. दोन दिवसांची मजुरी पडेल."

अण्णांनी पावती पुढे ठेवली. पुठ्ठा ठेवला. फोटो दाखवले. मग लिहून नेलेला अर्ज दिला. अर्जाच्या दोन प्रती केल्या होत्या. एका प्रतीवर 'मिळाला' असे लिहून मिस्त्रीची सही घेतली. ती आम्ही ठेवली. अर्ज असा होता:

*दिनांक १० मे*
*मिस्त्री यांस नमस्कार.*
*आमच्या ट्रॅक्टरचे इंजिन आपण दुरुस्त करून ५ मे रोजी दिले. ८ मेपासून दोन ठिकाणी तेल गळत आहे. तोवर ट्रॅक्टर अकरा तास चालला. आम्ही काही खोललेले नाही. पावतीवर सहा महिन्यांची हमी आहे. कृपया आमच्यासमोर तपासून, हमीप्रमाणे दुरुस्ती करून १७ मेपर्यंत ट्रॅक्टर द्यावा.*
*सही*

मिस्त्रीने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. म्हणाला, "उद्या या. तुमच्यासमोर खोलतो."

चूक कोणाची?

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स वेगळा केला. मागचे सील काढले. ते नवे होते, पण बसवताना त्याची कड दुमडून चिरली होती. मिस्त्रीने ते आमच्या हातात दिले. म्हणाला, "अण्णा, ही चूक आमची. मजुरी घेणार नाही. सीलही माझे."

मग खालचा नट पाहिला. त्याखाली तांब्याचा वायसर नव्हता. मिस्त्री म्हणाला, "मी घातला होता."

आम्ही धाकट्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. घरी ट्रॅक्टर आल्यावर तेल कसे आहे ते पाहायला त्याने तो नट सैल केला होता. वायसर मातीत पडला असावा. त्याने घरी हे सांगितले नव्हते. आमचा अर्जही त्यामुळे थोडा खोटा ठरला. "आम्ही काही खोललेले नाही" असे आम्ही लिहिले होते ना?

अण्णांनी तिथेच माफी मागितली. वायसरचे आणि नव्या तेलाचे पैसे आम्ही दिले. विचार करा. पहिल्या दिवशीच गचांडी धरली असती, तर आज कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो?

१४ मेला ट्रॅक्टर घरी आला. पुठ्ठा पुन्हा खाली ठेवला. सकाळी तो कोरडा होता. पंधरा दिवस ट्रॅक्टर नीट चालला. ठरल्याप्रमाणे आम्ही चौदा हजार नेऊन दिले. पेरणी वेळेवर झाली.

मिस्त्रीने ऐकलेच नाही तर?

सगळे मिस्त्री असे नसतात. कोणी हात झटकतो. त्यासाठी कायदा आहे. ग्राहकांसाठीचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ सालचा नवा कायदा आला. तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. पैसे देऊन दुरुस्ती करून घेतली, की तीही सेवाच होते. त्या सेवेत खोट असली, तर तक्रार करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी यंत्र वापरणाराही ग्राहकच धरला जातो.

आधी १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारची ग्राहकांसाठीची मदत आहे. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती द्यावी. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे, असेही नाही. पण तिथे विचारतील, "पावती कुठे आहे?" कागद नसेल, तर आपले खरे असूनही ते पटवणे जड जाते.

लक्षात ठेवा

१. काम सांगतानाच पावती आणि हमी लिहून घ्या.
२. काढलेले जुने भाग मागून घ्या व पाहा.
३. गळती दिसताच तेल तपासा. तेल कमी असेल, तर इंजिन चालवू नका.
४. गळती शोधा, पण स्वतः खोलू नका.
५. अर्ज द्या, त्याची सही केलेली प्रत ठेवा.
६. आपली चूक असेल, तर ती कबूल करा.

सांगा पाहू

१. वहिनींनी पुठ्ठा का ठेवला?
२. धाकट्याची चूक कोणती?
३. तुमच्या घरी शेवटची दुरुस्ती कशाची झाली? तिची पावती आज शोधून मोठ्याने वाचा.