हाताचा पट्टा आणि हृदयाचे रक्षण

मिरची-टोमॅटोची रोपे वाफ्यातून शेतात लावण्याआधी जाणता शेतकरी काही दिवस त्यांचे पाणी कमी करतो. थोडी तहान सोसलेले रोप काटक होते व लावणीनंतरच्या उन्हात तग धरते. आपल्या शरीरातही असे काही घडते का, या प्रश्नाचा अभ्यास डॉक्टर मंडळी जवळजवळ चाळीस वर्षे करीत आहेत.

पहिला प्रयोग

हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की त्या भागाला प्राणवायू मिळत नाही व तेथील स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. १९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक वाहिनी पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे मोकळी, अशी चार वेळा केली. मग तीच वाहिनी सलग ४० मिनिटे बंद ठेवली. अशी पूर्वतयारी न केलेल्या कुत्र्यांशी तुलना करता या कुत्र्यांच्या हृदयाचा मेलेला भाग सुमारे एक चतुर्थांशच भरला.

१९९३ साली दिसले की हृदयाच्या एका भागाला दिलेला हा ताण दुसऱ्या भागालाही वाचवतो. पुढे २००२ साली डुकरांच्या पायाचा रक्तपुरवठा थोडा थोडा वेळ थांबवला, तेव्हा त्यांच्या हृदयाची हानी कमी झाली.

ताण पायाला, लाभ हृदयाला! हा निरोप पोचतो कसा? काही अंशी मज्जातंतूंमार्फत व काही अंशी रक्तातून. २००५ साली असा ताण दिलेल्या डुकराच्या शरीरात दुसऱ्या डुकराचे हृदय बसवले, तर त्या नव्या हृदयालाही संरक्षण मिळाले. नव्या हृदयाचे मज्जातंतू तर तोडलेले होते. म्हणजे निरोप रक्तातून आला. रक्तातील ते नेमके द्रव्य कोणते, हे मात्र अजून ठरलेले नाही.

माणसांवरील अनुभव

माणसांसाठी उपाय सोपा वाटला. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर फुगवून पाच मिनिटे ठेवायचा, पाच मिनिटे सैल करायचा. डेन्मार्कमध्ये झटका आलेल्या रोग्यांना रुग्णवाहिकेतच असे चार वेळा केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयाचा अधिक भाग वाचलेला आढळला.

पण एका वाफ्यावरून सगळ्या शिवाराचा अंदाज करू नये. हृदयाच्या शस्त्रक्रियेतील रोग्यांवर ब्रिटन व जर्मनीत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, २०१५ साली, काही लाभ दिसला नाही. २०१९ साली झटक्याच्या ५,४०१ रोग्यांवरील चाचणीतही मृत्यू वा हृदय दुबळे पडण्याचे प्रमाण घटले नाही. मेंदूची वाहिनी तुंबून येणाऱ्या लकव्यात चीनमधील २०२२ च्या चाचणीत चांगले बरे होणारे शंभरात ६२ वरून ६७ झाले. डेन्मार्कच्या २०२३ च्या चाचणीत फरक पडला नाही. म्हणून हा उपाय अजून संशोधनाचा विषय आहे, घरगुती औषध नव्हे.

आपण काय ध्यानात ठेवावे?

१. छातीत दुखून घाम सुटला, किंवा तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर दंडाला काही बांधत बसू नये. ताबडतोब इस्पितळ गाठावे. लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. सुरुवात केव्हा झाली ती वेळ नीट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.

२. साप चावल्यावर दोरी आवळून बांधणे आणि हा उपाय यांची गल्लत करू नये. चाचणीतला पट्टा दर पाच मिनिटांनी सैल होतो. आवळलेली दोरी तासन् तास राहते, त्याने हात वा पाय कुजू शकतो. आणि ती एकदम सोडली तर विष झपाट्याने अंगात पसरू शकते. दोरी बांधू नये, चिरा देऊ नये. कडी, अंगठी, जोडवी काढावीत. मोडलेल्या हाडाला लावतो तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा व सर्पविषावरील लस मिळेल अशा इस्पितळात रोग्याला लवकर न्यावे.

३. रक्तदाब व मधुमेहाची औषधे रोजच्या रोज घ्यावीत, तंबाखू-विडी सोडावी. हृदयाच्या रक्षणासाठी या गोष्टींचा उपयोग पुराव्याने सिद्ध झालेला आहे.