सासूबाईंनी फुलं काढली

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही बारा वर्षं काढली. त्यातली शेवटची पाच वर्षं घरातले चारही फोन एकाच खात्यावर चालत होते: माझा, नवऱ्याचा, पुण्यात शिकणाऱ्या लेकीचा आणि नाशिकला सासूबाईंचा. कल्पना माझीच. सगळे फोटो एका जागी राहतील, कुणाला ‘मला पाठव गं’ म्हणायला नको. पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला, म्हणजे बघा.

कुरबुरी लवकरच सुरू झाल्या. लेकीच्या मैत्रिणींशी झालेल्या गप्पांचे स्क्रीनशॉट मला दिसायचे, नवऱ्याचे मूळव्याधीचे रिपोर्ट लेकीला. ‘घरात कसली आलीय प्रायव्हसी,’ म्हणून मी विषय मिटवला. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

मग सासूबाईंचा फोन भरला. एका दुपारी चष्मा लावून त्यांनी सुप्रभातची फुलं, दत्तगुरू आणि ‘तुमचे तिकडचे’ जुने फोटो निवडून निवडून काढून टाकले. त्यांना वाटलं, आपल्याच फोनमधून जातायत. चारही फोनवरची दोन वर्षं पुसली गेली. कळलं कधी, तर अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वर्षश्राद्धाला त्यांचा फोटो शोधायला घेतला तेव्हा, म्हणजे तीन महिन्यांनी. कचरापेटीची मुदत केव्हाच उलटली होती.

हवा होता तो फोटो सेक्टर ७ मधल्या मलाई मंदिराचा. नावावरून अण्णांना वाटलं होतं, इथे प्रसादाला मलई देत असतील. तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर; टेकडीवरचं स्वामीनाथाचं देऊळ ते. दर्शन घेऊन खाली आले तर एक चप्पल गायब. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी पाय उचलून धरलेला आणि तोंडभर हसू. असे अण्णा पुन्हा कुठल्याच फोटोत नाहीत.

सासूबाईंना कुणी बोललं नाही, बोलायचं कारणच नव्हतं. चूक एका खात्याची आणि ते खातं मी सगळ्यांना वाटलं होतं. म्हणून सांगते, प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा आणि फोटो अल्बम करून वाटा. जागेची चिंता असेल तर गुगल वनची जागा आणखी पाच जणांना वापरू देता येते. जागा सामायिक, फोटो ज्याचे त्याच्याकडे. मात्र अल्बममध्ये दिसतो म्हणजे तो फोटो आपला झाला, असं धरू नका. टाकणाऱ्याने मूळ फोटो खोडला की तुमच्याकडूनही जातो. आवडला तर आपल्या खात्यात सेव्ह करून घ्या. अॅपलची सामायिक लायब्ररी सहा जणांपर्यंत चालते, पण तिथे घरातला कुणीही दुसऱ्याचा फोटो खोडू शकतो, हे आधी सगळ्यांना सांगा.

आणि फोन भरला तर? गुगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबायचं, म्हणजे बॅकअप झालेले फोटो फक्त फोनमधून जातात. ‘डिलीट’ दाबलं तर सगळीकडून जातात. हा फरक मी सासूबाईंना तेव्हा सांगितला असता तर! चुकून गेलाच तर साठ दिवसांत कचरापेटी उघडा. बॅकअप झालेला फोटो तेवढेच दिवस तिथे थांबतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, सगळं एका हार्डडिस्कवर उतरवून घ्या.

अण्णांचा तो फोटो शेवटी नणंदेच्या व्हॉट्सअॅपमध्ये सापडला, पण दाबून दाबून बारीक झालेला. स्टुडिओवाल्याने स्क्रीनवर मोठा करून दाखवला आणि मान हलवली, “मैडम, इसका बड़ा नहीं बनेगा.” पोस्टकार्डाएवढाच काढला. चप्पल दिसते, हसू अंदाजाने ओळखायचं.

सासूबाईंचं खातं आता वेगळं आहे, फुलं फक्त त्यांचीच. तरी अजूनही दुपारी फोन येतो, “अगं, हे गुलाबाचं काढू का?”