घर बांधताय? मजुरांच्या सुरक्षेचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा मागा

ठेकेदाराचं कोटेशन हातात आलं की सिमेंट कुठल्या कंपनीचं, सळई किती एमएमची, टाइल्सचा भाव चौरस फुटाला किती धरलाय, हे आपण एकेका ओळीवर बोट ठेवून विचारतो. परांचीवरचा माणूस पडू नये म्हणून किती पैसे धरलेत, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच तर ठरलेलं उत्तर येतं, ‘साहेब, ते रेटमध्येच आलं.’ आणि रेटवर घासाघीस झाली की रेटमध्ये ‘आलेल्या’ गोष्टींतली हीच सगळ्यात आधी गळते. म्हणून ती ओळ वेगळी लिहून घ्या. तिथे काय लिहायचं आणि त्याला साधारण किती पैसे लागतात, ते पुढे दिलं आहे.

हिशेबासाठी एक घर धरू. तळमजला आणि वर एक मजला, मिळून दोन हजार चौरस फूट, चौरस फुटाला दोन हजार रुपये दराने 40 लाखांचं काम. जागेवर एका वेळी सरासरी आठ माणसं. भाव मध्यम प्रतीच्या मालाचे आणि ढोबळ आहेत. पुण्या-मुंबईत आणि तालुक्याच्या गावात थोडं इकडेतिकडे होईल.

अंगावरच्या वस्तूंपासून सुरुवात करू, कारण त्याच स्वस्त आहेत. आयएसआय शिक्का असलेलं, मागे फिरकी फिरवून घट्ट करता येणारं हेल्मेट दोनशे ते चारशेला मिळतं. शंभर रुपयांतलं घेऊ नका. त्याची आतली पट्टी महिनाभरात निघते आणि मग ते घमेल्यासारखं वापरलं जातं. दोन जास्तीची घ्या, एक तुमच्यासाठी. मालक उघड्या डोक्याने फिरत असेल तर बिगाऱ्याने हेल्मेट का घालावं? पुढच्या टोकाला स्टीलची टोपी असलेले बूट सातशे ते हजार. काँक्रीट भरणाऱ्यांना मात्र गमबूटच हवेत. ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि चपलेत शिरलेला माल संध्याकाळपर्यंत तिथेच राहतो. गमबूट तीनशे-चारशेला जोडी. रबरी हातमोजे, ग्राइंडरसाठी चष्मे आणि टाइल कापताना लागणारे मास्क यांना सगळ्या कामभर तीनेक हजार धरा. वर आलेल्या सळयांच्या टोकांवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या तर काही रुपयांना एक मिळतात.

एवढ्याचे तेरा-चौदा हजार होतात. हा माल ठेकेदाराला आणायला सांगण्यापेक्षा स्वतः आणा. बूट मापाचे घ्या आणि काम संपल्यावर ते ज्याचे त्याला देऊन टाका. परत घेऊन माळ्यावर टाकण्यात काय अर्थ आहे?

उंची आणि पट्टा

बांधकामावर माणूस जातो तो बहुतेक वेळा पडून, आणि त्यासाठी वीस मजले लागत नाहीत. पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या कडेवरून खालच्या विटांच्या ढिगावर पडलं तरी पुरे. सेफ्टी बेल्ट घेतला म्हणजे काम झालं, असं ठेकेदारही मानतो आणि मालकही. कमरेचा नुसता पट्टा घेऊच नका. झटका बसला की सगळा भार पोटावर आणि मणक्यावर येतो. छाती, खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, दोन दोऱ्यांचा, म्हणजे जागा बदलताना एक दोरी कायम अडकलेली राहते. तो दीड ते अडीच हजारांना मिळतो. आठ जणांना आठ लागत नाहीत. एका वेळी कडेला काम करणारे दोघे-तिघेच असतात, तेव्हा तीन पुरतात.

खरी मेख पुढे आहे. हार्नेसचा हूक अडकवायचा कशाला? बहुतेक ठिकाणी तो परांचीच्याच बांबूला अडकवलेला दिसतो. परांची कोसळली तर माणूस तिच्याबरोबर खाली येणार. हूक भरलेल्या, पक्क्या झालेल्या कॉलमला गुंडाळलेल्या जाड दोरावर असायला हवा आणि शक्यतो डोक्याच्या वर. खालून बांधला तर पडणारा माणूस आधी दोरीची लांबी ओलांडतो आणि मग झटका खातो. दोर आणि हूक मिळून दीडेक हजार. ही जागा कोणती, हे इंजिनिअरकडून स्लॅब भरण्याआधीच ठरवून घ्या. नंतर विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

परांची बांबूची असावी की लोखंडी, यावर वाद घालण्यापेक्षा तिच्यावरच्या फळ्या बघा. एकाच फळीवर बॅलन्स करत प्लास्टर चालू असेल तर काम थांबवा. शेजारी शेजारी टाकलेल्या, दोन्ही टोकांना बांधलेल्या फळ्या आणि कमरेएवढा आडवा बांबू एवढं तरी हवंच. लोखंडी परांची भाड्याने आणली तर या आकाराच्या घराला वीस-पंचवीस हजार जास्त धरा. माझं मत विचाराल तर हे पैसे द्यावेत. जिन्याची पोकळी, डक्ट आणि स्लॅबच्या उघड्या कडांना बांबूचे कठडे चारेक हजारांत होतात. कडेला बाहेर लावायची जाड सेफ्टी नेट आणखी सात-आठ हजार. इथे फसवणूक ठरलेली आहे. हिरवी शेडनेट लावून ‘जाळी लावली’ असं सांगतात. ती धुळीसाठी असते, माणसाचं वजन ती झेलत नाही.

खाली आणि आत

पायाच्या खोदाईचा नियम भारतीय मानकात सरळ आहे. मातीत दीड मीटरपेक्षा खोल चर खोदला तर त्याच्या भिंतींना आधार द्यायचा, आणि काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाकायची. खोली तीन मीटरच्या पुढे गेली तर अंतर खोलीच्या निम्मं. जेसीबीवाला माती नेमकी कडेवर टाकतो, कारण ते सोपं पडतं. ती लांब टाकायला लागलेला जास्तीचा तास-दोन तास हा सुरक्षेचाच खर्च आहे, आणि तो देताना कुरकुर करू नये.

वीज हा एकच विषय असा आहे जिथे चार हजार रुपयांत खरोखर जीव वाचतो. तात्पुरत्या मीटरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. व्हायब्रेटरची वायर सोललेली असेल आणि खाली पाणी असेल तर फ्यूज उडायची वाट बघत बसता येत नाही. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

जमिनीखालच्या टाकीचं सेंटरिंग काढायला कुणाला एकट्याला उतरू देऊ नका. बंद टाकीत ओलं लाकूड कुजत असतं आणि प्राणवायू संपलेला असतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. मार्च 2025 मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत चार मजूर गुदमरून गेले. दोन्ही झाकणं उघडून ब्लोअर लावायचा, आत उतरणाऱ्याच्या हार्नेसला दोर बांधायचा आणि तो दोर धरायला वर माणूस ठेवायचा. ब्लोअरचं एका दिवसाचं भाडं काही शे रुपये असतं.

मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या कुठे टाकायच्या, याला तर पैसेच लागत नाहीत. 29 जून 2019 च्या रात्री पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. जुन्या भिंतीच्या आणि खोदलेल्या कडेच्या खाली झोपायची सोय करायची नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

विमा आणि कायदा

तुम्ही मजूर थेट लावले असतील तर अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. मृत्यूसाठीचं सूत्र 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय. महिन्याच्या मजुरीच्या निम्मे गुणिले वयानुसारचा आकडा. मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात. वय 30 असेल तर आकडा 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. ठेकेदार असेल तर त्याच्याकडून याच जोखमीची वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी मागा. आठ माणसांच्या आठ-नऊ महिन्यांच्या कामाला हप्ता दहा-पंधरा हजारांच्या आसपास जाईल. पॉलिसीची प्रत बघा, तीत माणसांची संख्या आणि कामाची जागा तुमचीच आहे ना ते वाचा.

स्वतःच्या राहत्या घराला 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 10 लाखांपर्यंत सूट होती, नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये ती 50 लाखांपर्यंत आहे. त्यावर गेलात तर बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर, म्हणजे 60 लाखांच्या घराला 60,000. आपलं 40 लाखांचं घर यातून सुटतं. पण निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर फौजदारी गुन्ह्यातून कुणी सुटत नाही.

सगळं मिळून बेरीज 75 ते 80 हजारांवर जाते, कामाच्या दोन टक्क्यांच्या आत. किचन ट्रॉल्यांना याहून जास्त लागतात.

आणखी दोन गोष्टी जवळपास फुकट आहेत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. वय 18 ते 70 आणि बँक खातं एवढंच लागतं. आठ जणांचे 160 रुपये तुम्हीच भरा. दुसरी गोष्ट राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातली नोंदणी. त्यासाठी गेल्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि मजूर त्यासाठीच अडतो. तो दाखला ठेकेदाराकडून सहीशिक्क्यानिशी मिळवून द्या, आणि शेवटचं बिल चुकतं करण्याआधी. बिल मिळालं की ठेकेदार फोन उचलत नाही.