तत्त्वज्ञान, साहित्य आणि तंत्रज्ञान एकत्र शिकायचंय? शिरूर-दौंडकरांसाठी खर्चाचा हिशेब

‘आर्ट्सला कसली फी? आर्ट्स म्हणजे फुकटच!’ बारावीच्या निकालानंतर हे वाक्य शिरूर-दौंडच्या घराघरांत ऐकू येतं. दुसरीकडे पुण्यातल्या खासगी विद्यापीठांच्या चकचकीत माहितीपत्रकांत त्याच आर्ट्सची, फक्त ‘लिबरल आर्ट्स’ नावाने, फी लाखांत छापलेली असते. यंत्र विचार करू लागलं तर माणूस म्हणजे काय, कादंबरीतलं भविष्य आणि प्रयोगशाळेतलं भविष्य यांचा संबंध काय, असे प्रश्न तिथे शिकवतात. विषय खरोखर सुंदर आहे. मराठी वाचकाला तो नवखाही नाही. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही स्वतः विचार करणाऱ्या यंत्रमानवाची कादंबरी १९८०च्या दशकातली आहे. प्रश्न आहे तो हे शिकायला नेमके किती पैसे लागतात, आणि फीच्या पावतीवर न दिसणारे किती.

आधी घराजवळचा पर्याय पाहू. शिरूरला चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, दौंडला कटारिया महाविद्यालय, केडगावला सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय. तिन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. अनुदानित तुकडीत बी.ए.ची वर्षाची फी चार आकड्यांतच राहते. प्रवेशाच्या खिडकीवर पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : ही तुकडी ग्रँटेड आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, मिळत्याजुळत्या नावाचे दोन अभ्यासक्रम असू शकतात आणि त्यांच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक असतो.

दुसरा प्रश्न विषयांचा. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र तालुक्याच्या कॉलेजात बहुधा मिळून जातात. तत्त्वज्ञान ‘स्पेशल’ला मिळेलच असं धरून चालू नका. मात्र नव्या शैक्षणिक धोरणाने एक खिडकी उघडली आहे आणि तिचा उपयोग फार थोडी मुलं करतात. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५पासून लागू झालं. तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. यात मुख्य विषयाबरोबर ‘मायनर’ आहे, आणि ‘ओपन इलेक्टिव्ह’ तर आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे मराठी मुख्य विषय घेतलेल्या मुलीला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा पेपर घेणं नियमानेच भाग आहे. कॉलेज जे ठरवून देतं तेच मुकाट्याने घेण्याऐवजी कॉम्प्युटर किंवा डेटाशी संबंधित पेपर आहे का, ते विचारा. वेगळी फी न भरता साहित्य आणि तंत्रज्ञान एका गुणपत्रिकेवर येतात.

तत्त्वज्ञानाची उणीव भरायला ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’ ही ऑनलाइन शिक्षणाची सरकारी व्यासपीठं आहेत. आयआयटीतले प्राध्यापक तत्त्वज्ञान, साहित्य, विज्ञान आणि समाज अशा विषयांवर शिकवतात. नोंदणी फुकट, व्हिडिओ फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर एनपीटीईएलची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तिची फी एका कोर्सला १,००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी. गुणांपैकी २५ टक्के दर आठवड्याच्या स्वाध्यायांचे आणि ७५ टक्के परीक्षेचे असतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जागून भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम असे ऑनलाइन करता येतात. पण आपलं कॉलेज कोणत्या कोर्सचे श्रेयांक धरणार, हे नोंदणीच्या आधी आणि लेखी विचारा. कोर्स पूर्ण झाल्यावर विचारलंत तर हातात नुसतं प्रमाणपत्र उरतं. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत असतात. त्याचा बाऊ करू नका, पण पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या.

पुस्तकांवरही फार खर्च नाही. मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तत्त्वज्ञान मराठीतून वाचायचं तर वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ ग्रंथालयात शोधा. लॅपटॉप पहिल्या वर्षी घेऊ नका, हे माझं मत. तीस-चाळीस हजार गुंतवण्याआधी कॉलेजच्या संगणक कक्षात बसून ही आवड टिकते का ते पाहा. फी, पुस्तकं, दोन ऑनलाइन परीक्षा, त्यासाठी पुण्याची खेप आणि मोबाइलचा डेटा असं सगळं धरूनही गावात राहून वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजारांत बसावा.

आता पुणे. तत्त्वज्ञान हाच मुख्य विषय हवा असेल तर फर्ग्युसन आणि स. प. महाविद्यालय ही जुनी, भरवशाची नावं. अनुदानित तुकडीतली फी इथेही आवाक्यातली असते. खरा खर्च रस्त्यावर आणि खोलीवर होतो, आणि इथे शिरूर व दौंडचा हिशेब वेगळा पडतो.

दौंडला रेल्वे आहे. पुणे साधारण ७५ किलोमीटर, आणि पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत जाणारी डेमू. विद्यार्थ्याला मासिक पास निम्म्या दरात मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा पास मोफत देण्याची रेल्वेची तरतूद आहे. मुलांना ती बारावीपर्यंतच. कॉलेजचं पत्र घेऊन स्टेशनवर अर्ज करायचा. ही सवलत ठाऊक नसल्याने पैसे भरणारे पालक बरेच आहेत. पासावर आरक्षित डब्यात चढू नका, दंड पडतो.

शिरूरला रेल्वे नाही, सारी भिस्त एसटीवर. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर पुण्यापर्यंत साध्या गाडीला सव्वाशेच्या आसपास पडतात. रोज जाऊन-येऊन महिन्याचे २४ दिवस धरले तर साडेपाच हजारांच्या वर. विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत असल्याने तेच दोन हजारांच्या आत येतं. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, पण रोज जाणाऱ्या मुलीला विद्यार्थी पासच स्वस्त पडतो. पैशांचं असं भागतं; वेळेचं भागत नाही. वाघोलीची कोंडी धरून दिवसाचे चार-पाच तास रस्त्यात जातात, आणि तत्त्वज्ञान हा उभ्या गर्दीत वाचायचा विषय नव्हे.

म्हणून खोली. पेठांमध्ये किंवा शिवाजीनगर भागात कॉट बेसिसवर महिना साडेतीन ते साडेपाच हजार, दोन वेळच्या मेसचे तीन-साडेतीन हजार, पीएमपी पास आणि किरकोळ दीड-दोन हजार. म्हणजे महिना आठ ते अकरा हजार आणि दहा महिन्यांचे ऐंशी हजार ते एक लाख दहा हजार. डिपॉझिट वेगळं. फी काही हजार आणि राहणं लाखभर, हे गणित प्रवेशाच्या दिवशीच घरात मांडून घ्यावं. कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरा. ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घाला. त्यातून मेसचा काही भाग सुटतो.

याच खर्चासाठी सरकारी योजना आहेत. अनुसूचित जातीच्या, वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. इतर मागासवर्गीयांसाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, जागा मर्यादित. खुल्या गटातल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा ८ लाख. मुलींना उच्च शिक्षण मोफत ही २०२४ची घोषणा मात्र नीट वाचा. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे, साध्या बी.ए.ला तिचा आधार धरू नका.

राहिली खासगी विद्यापीठं. शिरूरहून एसटीने पुण्यात शिरताना विमाननगर लागतं, तिथेच सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स विद्यालय आहे, लवळ्याला फ्लेम. लहान वर्ग, नाव घेऊन विचारणारे शिक्षक, चार विषयांची मोकळी सांगड, ही तिथली जमेची बाजू आणि ती खोटी नाही. पण राहण्या-जेवणासह चार वर्षांचा खर्च वीस लाखांच्या पुढे, काही ठिकाणी चाळिशी ओलांडणारा. पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल तर बेलाशक जा. त्यासाठी जमीन तारण ठेवू नका. याच विषयांना सरकारी संस्थांत पदव्युत्तर पातळीवर फार कमी पैशांत जाता येतं : पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग, हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू, आयआयटी गांधीनगरचं समाज आणि संस्कृती विषयातलं एम.ए., आयआयटी जोधपूरचा डिजिटल ह्युमॅनिटीजचा अभ्यासक्रम. गावातून बी.ए. करताना वाचवलेले पैसे तिथे उपयोगी पडतात. या संस्थांच्या प्रवेश परीक्षांना इंग्रजी वाचन लागतं, त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा.

शेवटची गोष्ट कागदांची. शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’ या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचे कागद आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. एप्रिलमध्येच नवीन काढा. जूनमध्ये तहसीलच्या सेतू केंद्रात इंजिनिअरिंगवाल्यांची रांग तुमच्या पुढे असते.