‘इरोनिअस’ म्हणजे खोटे नव्हे

शासकीय पत्रव्यवहारात ‘इरोनिअस’ हे इंग्रजी विशेषण वारंवार येते. आदेश, नोंद, आकारणी, समजूत अशा नामांमागे ते लागते आणि मराठी मसुदा करणारा घाईत त्यासाठी ‘खोटा’ हा शब्द योजून मोकळा होतो. अनर्थ होतो तो येथेच. एखाद्या शेतकऱ्याने अर्जात जमिनीचे क्षेत्र चुकीचे लिहिले, तर त्याचे निवेदन ‘इरोनिअस’ ठरते. ते ‘खोटे’ म्हटले की जाणूनबुजून फसविल्याचा आरोप त्याच्या माथी बसतो. मूळ इंग्रजी पत्रात तो आरोप नसतोच.

लॅटिन भाषेत ‘एरारे’ म्हणजे भटकणे. ‘एरर’ आणि शुद्धिपत्रावरील ‘एराटा’ हे शब्दही तेथूनच आले. पूर्वीच्या इंग्रजीत वाट सोडून भटकणाऱ्यालाही ‘इरोनिअस’ म्हणत. मराठी वाचकाला हा अर्थप्रवास परका वाटू नये. संस्कृतातील ‘भ्रम्’ या एकाच धातूपासून भ्रमण व भ्रम हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. आणि आपण वाट चुकतो, तशीच आपली बेरीजही चुकते. हेतूचा प्रश्न यात कोठेच येत नाही.

आजच्या वापरात हे विशेषण माणसाला सहसा लागत नाही. चुकीची समजूत बाळगणाऱ्या माणसाला ‘मिस्टेकन’ म्हणतात, त्याच्या समजुतीला ‘इरोनिअस’. ‘राँग’ या शब्दात नैतिक दोषाचीही छटा असू शकते. ‘इरोनिअस’मध्ये ती नाही.

कायद्याने तर या शब्दाला बरेच वजन दिले. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम २६३ नुसार आयुक्ताला आकारणीच्या आदेशात हस्तक्षेप करावयाचा, तर तो आदेश ‘इरोनिअस’ आणि महसुलाच्या हिताला बाधक असा दोन्ही असावा लागे. मलबार इंडस्ट्रियल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले की, दोन अटींपैकी एकच पुरी होत असेल तर हे कलम लागू होत नाही. दोन मते संभवत असता अधिकाऱ्याने त्यांतील एक स्वीकारले आणि महसूल घटला, एवढ्यावरून आदेश चुकीचा ठरत नाही. ते मत कायद्यात न टिकणारे असले पाहिजे. म्हणजे न पटलेला तो ‘इरोनिअस’, असे समीकरण मांडता येत नाही.

मग मराठीत काय लिहावे? ‘प्रमादयुक्त’ हा शब्द भारदस्त खरा, परंतु प्रमादात बेसावधपणाचा ठपका आहे. ‘दोषास्पद’ तर सरळ दोष देतो. ‘चुकीचा’ हा साधा शब्द बहुतेक ठिकाणी पुरेसा आहे: चुकीची नोंद, चुकीचा निष्कर्ष, चुकीचा आदेश. क्रियाविशेषण आले तर ‘चुकीने’ लिहावे. ‘चुकीने अदा झालेली रक्कम’ परत मागणाऱ्या पत्रात ‘खोटेपणाने घेतलेली रक्कम’ असे कदापि लिहू नये.